३० एचपीची मोटर पुन्हा जळाली: परत वाइंडिंग करावं की नवीन आयई-३ घ्यावी?

शिरोलीकर
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. फेटलिंगच्या (ओतलेले तुकडे घासून साफ करण्याच्या) डस्ट कलेक्टरवरच्या फॅनची मोटर या आठवड्यात सकाळच्या पाळीत जळाली. ३० एचपी म्हणजे २२ किलोवॅट, चार पोल, १८० एल फ्रेम, डेल्टा जोडणी, स्टार-डेल्टा स्टार्टरवर (मोटर आधी स्टारमध्ये सुरू करून मग डेल्टात नेणारा). फॅन बेल्टवर चालतो. नेमप्लेटवर साल १९९४. याआधी दोनदा वाइंडिंग झालेलं आहे.

नेहमीच्या वाइंडरनं तारेसकट २२,००० सांगितले, जुनं तांबं त्याचं. नवीन आयई-३ (कमी वीज खाणाऱ्या वर्गातली) मोटर डिस्काउंट जाऊन ९५,०००, वर जीएसटी. वडिलांचं म्हणणं, बिडाची दणकट बॉडी आहे, अशी आता मिळत नाही, वाइंडिंग करून टाक. आमचे मेहुणे पुण्यात एका मोठ्या कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. ते म्हणतात तीस वर्षांची मोटर म्हणजे वीज खाणारा राक्षस, भंगारात घाल. दोघंही आपापल्या जागी ठाम.

फॅन दोन पाळ्या चालतो, रोज सोळा तास, वर्षाला ३०० दिवस. जळण्याआधी टाँग टेस्टरवर (तारेभोवती धरून करंट मोजायचं यंत्र) ३१ अँपिअर दाखवायची. सध्या शेजाऱ्यांकडून २५ एचपी उसनी आणून बसवलीय, ती लवकर परत द्यायची आहे. कुणी असा निर्णय घेतला असेल तर कशाच्या आधारावर घेतला ते सांगा.

टाँगटेस्टर
निर्णय नंतर. मोटर कशानं जळाली ते आधी सांगा. ते न शोधता नवीन बसवली तर २२ हजारांऐवजी ९५ हजार जाळाल, एवढाच फरक पडेल.

साइड कव्हर काढून वाइंडिंगचा ओव्हरहँग (लोखंडी कोअरच्या बाहेर दिसणारा भाग) बघा आणि फोटो टाका. सगळं वाइंडिंग सारखं काळं असेल तर ओव्हरलोड, कमी व्होल्टेज किंवा कुलिंग बंद. एकाच जागी भोक पडल्यासारखं असेल तर टर्न शॉर्ट. स्लॉटच्या तोंडाशी जळालं असेल तर बॉडीला अर्थ. आणि डेल्टा मोटरमध्ये एकच फेज कोळसा होऊन बाकीच्या दोन जवळपास चांगल्या असतील तर डोळे झाकून सिंगल फेजिंग (तीनपैकी एक फेज तुटून मोटर दोनवरच चालणं) समजा. स्टारला उलटं असतं, दोन जळतात आणि एक वाचते.

आगाऊ कार्टा
मेहुणे विरुद्ध वडील! मोटर कुठलीही घ्या, घरी शॉर्ट सर्किट ठरलेलं आहे. 😄

शिरोलीकर
@टाँगटेस्टर, कव्हर काढलं. समान अंतरावर काळ्या कॉइलींचे गट आहेत, मधले गट तांबूस पण शाबूत. म्हणजे एकच फेज गेलीय. तुम्ही म्हणालात म्हणून मेन स्विचही उघडला. एका एचआरसी फ्यूजचा बेस ढिला होऊन जळालेला सापडला. पण करंट वाढला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले होता की. तो का पडला नाही?

टाँगटेस्टर
रिले कितीवर सेट आहे?

शिरोलीकर
३८ वर. पॅनल आलं तेव्हापासून तसाच आहे.

टाँगटेस्टर
हे घ्या उत्तर. मोटरचा फुल लोड करंट साधारण ४०, म्हणून कुणीतरी रिले ३८ वर ठेवला. पण स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुतेक वेळा मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, वाइंडिंगच्या वायरींत बसवलेला असतो. तिथून लाइन करंट जात नाही, फेज करंट जातो, म्हणजे ४० चा ०.५८ पट, २३ अँपिअर. रिले २३ वर हवा.

आता काय झालं असेल ते बघा. एक फेज गेला, तरी लोड तेवढाच, त्यामुळे उरलेल्या दोन लाइनींतला करंट ३१ वरून ५४ च्या आसपास गेला. डेल्टात जी वाइंडिंग थेट त्या दोन लाइनींमध्ये येते तिच्यातून त्यातले दोन तृतीयांश, म्हणजे ३६ जातात. बाकी दोघी सिरीजमध्ये, त्यांच्यातून १८. वाइंडिंगची ताकद २३ ची, तिच्यातून जातायत ३६ आणि रिले वाट बघतोय ३८ ची. तो पडेलच कसा?

मोटर बिचारी निर्दोष आहे. आधीची दोन वाइंडिंगंही याच पायी गेली असतील तर नवल नाही. रिले २३ ला आणा, फ्यूजचा बेस बदला, आणि एक सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) टाका. मोटरच्या मानानं त्याची किंमत किरकोळ आहे.

भोसरी_कॉम्प्रेसर
बाप रे. उद्या कंपनीत जाऊन पहिलं काम, सगळ्या स्टार-डेल्टा पॅनलचे रिले बघणार. वाचनखूण साठवली.

निशिगंधा
मी एनर्जी ऑडिटची कामं करते, त्यामुळे आकड्यांचं बघू. कारणाचा शोध टाँगटेस्टर यांनी लावलाच आहे.

३१ अँपिअर, ४१५ व्होल्ट आणि पॉवर फॅक्टर ०.८३ धरला तर मोटर साधारण १८.५ किलोवॅट ओढत होती. जुन्या मोटरची खरी एफिशियन्सी माहीत नसते. त्या काळच्या या आकाराच्या चांगल्या मोटरला ९० टक्के धरता येईल. दोनदा वाइंडिंग झाल्यावर ती ८८ वर आली असेल किंवा ९० वरच टिकली असेल. दोन्ही धरून बघू. आयएस १२६१५ या भारतीय मानकाप्रमाणे २२ किलोवॅट चार पोलच्या आयई-३ मोटरला ९३ टक्के लागते.

जुनी ८८ असेल तर शाफ्टवर १६.३ किलोवॅट मिळत होते. तेवढ्यासाठी नवीन मोटर १७.५ ओढेल. एक किलोवॅटची बचत. वर्षाचे ४,८०० तास, म्हणजे ४,८०० युनिटच्या जवळपास. ९ रुपये दरानं ४३,०००. जुनी ९० असेल तर बचत ०.६ किलोवॅट, वर्षाला २६,०००.

किमतीतला फरक ७३ हजार. पण नवीन घेतली तर जुनी मोटर तांब्यासकट भंगारात तुमच्या नावावर जाते. त्याचे वीसेक हजार धरले तर खरा फरक ५२-५३ हजार. म्हणजे सव्वा ते दोन वर्षांत वसूल. वडिलांना हा आकडा दाखवा. तुमचा फॅन एकाच पाळीत चालत असता तर हीच वसुली अडीच ते चार वर्षांवर गेली असती आणि मीही घाई करू नका म्हटलं असतं. मोटर वर्षाला किती तास फिरते, यावर निम्मा निर्णय होतो. तिचं वय फार कमी बोलतं.

मेहुण्यांचा राक्षस मात्र जरा अति आहे. जुनी मोटर वीज खाते ती दोन-पाच टक्के, निम्मी नव्हे.

वाइंडर_बापू
कोल्हापुरात उद्यमनगरला माझं वाइंडिंगचं दुकान आहे, वडिलांपासून. ताईंचा हिशेब बरोबर आहे. पण "वाइंडिंग केलं की एफिशियन्सी पडते" हे जे सगळे धरून चालतात त्यावर बोलायचंय.

पडते ती वाइंडिंगनं न्हाई, वाइंडिंग कसं केलं त्यानं. जुनी कॉइल काढायची म्हणजे आधी वार्निश जाळायला लागतं. कोण रॉकेल ओतून उघड्यावर पेटवतं, कोण गॅसची बर्नर थेट स्टेटरवर, म्हंजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागावर, धरतं. स्टेटरची पत्ती एकमेकींपासून पातळ थरानं वेगळी ठेवलेली असते. ती लालबुंद झाली की तो थर जातो, पत्त्या आपसांत शॉर्ट होतात आणि कोअरच तापायला लागतो. मग वर कितीबी चांगलं तांबं भरा, मोटर गरम. म्हणून कंट्रोलची भट्टी पाहिजे, आणि कोअर ३६०-३७० डिग्रीच्या वर जाऊ द्यायचा न्हाई. परदेशात रिपेरिंगवाल्यांच्या संघटनांनी २००३ मध्ये मोटरी वाइंडिंगच्या आधी आणि नंतर टेस्ट करून बघितल्यात. नीट पद्धतीनं केलेल्या वाइंडिंगला एफिशियन्सीत नावापुरता फरक आला. तो अहवाल मी दुकानात ठेवलाय, गिऱ्हाइकाला दाखवतो.

दुसरी चोरी तारेत. मूळ कॉइलला समजा तीन तारा एकत्र असतील तर त्याच गेजच्या तीन पाहिजेत. स्लॉटात बसत न्हाई म्हणून बारीक तार घातली की रेझिस्टन्स वाढला, वीज जळाली. टर्न कमी केले की नो लोड करंट वाढला आणि कोअर लॉसबी वाढला. गिऱ्हाइकाला कायबी कळत न्हाई, कारण मोटर फिरते की. फिरली म्हंजे झालं.

आणि तिसरं, वेळ. "बापू, रात्रीत पाहिजे." आता वार्निशात बुडवून निथळायला, मग भट्टीत सहा-आठ तास भाजायला वेळ लागतोच. रात्रीत पाहिजे म्हणणाऱ्याला वरून ब्रश मारून मिळतं, आणि वर्षभरात तीच मोटर परत दारात. भावात घासाघीस करून वीसचं बाराला करून घेणारे पण तुम्हीच, आणि वाइंडिंगवाल्याला नावं ठेवणारे पण तुम्हीच. राग मानू नका.

शिरोलीकर
बापू, राग कसला. तुमच्या दारात मोटर आणली तर पहिल्यांदा काय बघाल?

वाइंडर_बापू
जळालेली कॉइल काढायच्या आधी डेटा उतरवून घेणार. टर्न, गेज, पिच, कनेक्शन. दोनदा वाइंडिंग झालंय, म्हणजे मधल्या कुणी टर्न बदललेत का हे तपासायला लागणार. १९९४ चा मूळ डेटा कुठं वहीत असला तर सोनं.

मग कोअर टेस्ट. स्टेटरभोवती केबलचे वेढे घालून कोअरला मोटर चालताना असतं तेवढं मॅग्नेटायझिंग द्यायचं आणि तासभर ठेवायचं. वॅट मोजायचे, आणि कुठं जागा इतरांपेक्षा जास्त तापते का ते बघायचं. जाळायच्या आधी एकदा आणि जाळल्यावर एकदा. दुसऱ्यांदा वॅट वीस टक्क्यांच्या वर वाढले तर कोअर खराब केलास म्हणून मलाच धरा.

मग मेकॅनिकल. बेअरिंग हाउसिंगमध्ये फिरलंय का, शाफ्टची सीट गेलीय का, रोटरच्या बारला चीर हाय का, रोटर स्टेटरला घासलाय का. हाउसिंगला स्लीव्ह मारायला लागली की २२ चे २८ होतात. हे आधी न सांगता नंतर बिलात घालणाऱ्यापासून सावध ऱ्हावा.

मागकरी
इचलकरंजीत मागाच्या एक एचपी मोटरला हे सगळं कोण करणार बापू? इथं वाइंडर सायकलवर मोटर घेऊन जातो आणि संध्याकाळी आणून देतो. मध्यंतरी मी एक स्वस्तात करून घेतली, उघडली तर आत अॅल्युमिनियमची तार! वरच्या एनॅमलमुळे तांब्यासारखीच दिसते. तार खरवडून बघा असं सगळ्यांना सांगतो.

वाइंडर_बापू
अॅल्युमिनियममधून करंट तांब्याच्या साठ टक्केच जातो. तेवढ्याच स्लॉटात भरलं तर तापणारच. छोट्या मोटरला कोअर टेस्ट परवडत न्हाई हे खरं. पाच एचपीच्या खाली मी स्वतःच सांगतो, दुसऱ्यांदा जळाली तर नवीन घ्या.

गळीत_हंगाम
साखर कारखान्यात इलेक्ट्रिकलला आहे. निशिगंधा ताईंच्या हिशेबात एक आकडा राहिला, बंद पडण्याचा. आमच्याकडे हंगामात उसाच्या कॅरियरची मोटर गेली तर वीज बचत कुणी विचारत नाही. गाळप थांबलं, गाड्या गेटबाहेर कोल्हापूर रोडपर्यंत. तिथं जी मोटर सर्वांत आधी जागेवर बसेल तीच स्वस्त. म्हणून मोठ्या मोटरींचा एकेक स्पेअर स्टोअरमध्ये ठेवतो, आणि रिपेरी की रिप्लेस ही चर्चा एप्रिल ते सप्टेंबर, पंख्याखाली बसून करतो.

एक गोष्ट आवर्जून. शेकडो एचपीची, एचटीवरची (उच्च दाबाच्या विजेवरची) मोटर सहसा फेकायची नसते. नवीन मागवली तर यायला महिनोनमहिने, आणि पाया, कपलिंग, शाफ्टची उंची जुळेल याचा नेम नाही. स्लिप रिंग मोटरींचंही तेच. तिथं चांगल्या शॉपमध्ये रिपेअर हेच बरोबर. तुमची ३० एचपी नेमकी मधली आहे, म्हणून डोकेदुखी.

अवांतर: स्पेअर मोटर स्टोअरमध्ये वर्षानुवर्षं एकाच जागी ठेवू नका. महिन्यातून शाफ्ट हातानं फिरवा, नाहीतर बेअरिंगच्या ट्रॅकवर खळगे पडतात. पावसाळ्यानंतर मेगर मारूनच (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजूनच) लावा.

जमाखर्च
थोडं हिशेबाचं. जीएसटीचं क्रेडिट मिळत असेल तर १८ टक्के खर्चात धरू नका. वाइंडिंगचा खर्च त्याच वर्षी नफ्यातून वजा होतो, नवीन मोटर भांडवली धरली तर घसारा १५ टक्क्यांनी. निर्णय यावर फिरवण्याइतका फरक नाही, पण सीएंना विचारून ठेवा.

भोसरी_कॉम्प्रेसर
एक वेगळाच प्रश्न. १६.३ किलोवॅटचंच काम आहे तर ३० एचपी कशाला? २५ एचपी म्हणजे १८.५ किलोवॅट. उसनी मोटर चालतेच आहे की त्यावर. नवीन २५ घ्या, स्वस्त पडेल.

टाँगटेस्टर
घाई नको. डस्ट कलेक्टरच्या बॅगा जुन्या आणि भरलेल्या असल्या की हवा कमी जाते, आणि सेंट्रिफ्यूगल फॅनचा करंटही कमी होतो. बॅगा नव्या घातल्या की हवा वाढते आणि करंट चढतो. ३१ अँपिअर कधी मोजले होते?

शिरोलीकर
बॅगा बदलायला झाल्या होत्या तेव्हाच. आधी नव्या बॅगांवर ३५-३६ बघितल्याचं ऑपरेटर सांगतोय.

टाँगटेस्टर
मग ३० च ठेवा. २५ ची फ्रेम १८० एम, तुमची १८० एल. शाफ्टची उंची आणि जाडी तीच, पण पायाच्या भोकांतलं अंतर वेगळं, २४१ आणि २७९ मिलिमीटर. बेस प्लेटला नवीन भोकं पाडत बसाल.

निशिगंधा
सहमत. आणि ३५ वर चालत असेल तर बचत माझ्या आकड्यापेक्षा थोडी जास्तच.

आता एक गोष्ट जी विक्रेता सांगत नाही. आयई-३ मोटरची स्लिप (पूर्ण वेगापेक्षा मागे पडणं) कमी असते, ती किंचित जोरात फिरते. तुमच्या जुन्या नेमप्लेटवर आरपीएम किती?

शिरोलीकर
१४५५. नवीनच्या कॅटलॉगमध्ये १४७० आहे.

निशिगंधा
फॅनला लागणारी पॉवर वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. १४७० भागिले १४५५ चा घन केला तर १.०३ येतो. वेग एकच टक्का जास्त, पण फॅन तीन टक्के जास्त पॉवर मागणार. १६.३ चे १६.८ झाले, आणि एक किलोवॅट बचतीतली निम्म्याहून जास्त तिथंच गेली. हवा थोडी जास्त मिळेल, पण ती तुम्हाला नको आहे. नवीन मोटर लावून बिल कमी झालं नाही म्हणून ओरडणाऱ्यांपैकी कित्येकांच्या पंपा-फॅनवर हेच घडलेलं असतं.

तुमचा फॅन बेल्टवर आहे हे नशीब. मोटरची पुली एक टक्क्यानं लहान करून घ्या, काम झालं. डायरेक्ट कपल्ड असता तर हा उपाय नव्हता.

भोसरी_कॉम्प्रेसर
मग व्हीएफडीच (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावा ना. वेग ८० टक्के केला की पॉवर निम्मी.

निशिगंधा
सर्वसाधारण फॅनला मीही तेच सांगते आणि तिथं व्हीएफडी मोटरपेक्षा कितीतरी जास्त वाचवतो. पण हा धुळीचा फॅन आहे. डक्टमध्ये हवेचा वेग खाली गेला की वाळू डक्टच्या तळाशी बसायला लागते, आणि फेटलिंगची धूळ कामगारांच्या फुप्फुसात. सिलिका आहे ती. तिथं बचतीसाठी वेग पाडू नये. डँपर (डक्टमधली हवा अडवायची झडप) अर्धा बंद करून चालवत असाल तरच व्हीएफडीचा विचार.

शिरोलीकर
डँपर पूर्ण उघडा असतो.

निशिगंधा
मग विषय संपला.

कृष्णाकाठ
आमची उपसा जलसिंचन संस्था आहे, वाळवा तालुक्यात. जॅकवेलवर मोठ्या मोटरी. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात पाणी इतक्या झपाट्यानं चढलं की काही मोटरी काढताच आल्या नाहीत, २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. तेव्हा रिपेअर की नवीन हा प्रश्न एकाच वेळी सगळ्या नदीकाठाला पडला होता. मोटर मिळेना आणि वाइंडरही मिळेना.

शिकण्यासारखं एक. पाण्यात बुडालेली मोटर म्हणजे जळालेली मोटर नव्हे. ज्यांनी पाणी ओसरताच उत्साहात स्विच टाकला त्यांच्या जळाल्या. आमच्या वायरमननं एकही चालू करू दिली नाही. खोलून गोड्या पाण्यानं गाळ धुतला, बेअरिंगं सगळी नवीन, वाइंडिंग भट्टीत ८०-९० डिग्रीवर मेगरचं रीडिंग चढून स्थिर होईपर्यंत वाळवलं, मग वार्निश. बहुतेक मोटरी नवीन वाइंडिंगशिवाय चालू झाल्या. ज्यांचं रीडिंग चढलंच नाही तेवढ्यांचंच वाइंडिंग केलं.

गळीत_हंगाम
+१. वाळवताना एकदम तापमान चढवू नका, आतल्या पाण्याची वाफ होऊन इन्सुलेशन फुटतं. आणि छोट्या मोटरला मेगरवर किमान ५ मेगओहम आल्याशिवाय हात लावू नका. जुने लोक एक मेगओहमवर चालवायचे, ते दिवस गेले.

आगाऊ कार्टा
शिरोलीतली धूळ, वाळव्याचा पूर, इचलकरंजीची अॅल्युमिनियम तार. एवढं सगळं सोसून मोटर फिरते आणि आपल्याला सोमवारी उठवत नाही.

शिरोलीकर
काल वडिलांना हा धागा वाचून दाखवला. निशिगंधा ताईंचे आकडे त्यांनी स्वतः पाटीवर, म्हणजे शॉप फ्लोअरच्या फळ्यावर, खडूनं मांडून बघितले. वीज बिल मागवून दर तपासला. मग म्हणाले, फॅनवर नवीन घे, पण जुनीचं वाइंडिंग करून सँड मिक्सरला स्पेअर ठेव, तो दिवसाला दोन-तीन तासच चालतो. मलाही पटलं, कारण तिथं वीज बचतीनं काही होणार नाही. तर बापू, मोटर तुमच्याकडे पाठवतोय. घाई नाही, पाहिजे तितका वेळ घ्या.

वाइंडर_बापू
पाठवा. घाई नाही म्हणणारं गिऱ्हाईक बऱ्याच दिवसांनी भेटलं.

टाँगटेस्टर
नवीन घेताना दोन-तीन गोष्टी. डीलरकडून फक्त "आयई-३" ऐकू नका, नेमप्लेटवर आयएस १२६१५, आयएसआय मार्क आणि एफिशियन्सीचा आकडा छापलेला बघा. आयई-३ चा सुरुवातीचा झटका जुन्यापेक्षा मोठा असतो, फुल लोडच्या सात-आठ पट. तुमचा स्टार-डेल्टा आहे म्हणून बहुधा अडचण नाही, तरी स्टारमधून डेल्टात जाताना फ्यूज उडत असेल तर टायमर थोडा वाढवा. फॅन पूर्ण वेगाला यायच्या आत टायमर पडतो, हे नेहमीचं कारण.

आणि येणारं व्होल्टेज तिन्ही फेजांत मोजा. साडेतीन टक्के असमतोल असेल तर सर्वांत तापलेल्या फेजची तापमानवाढ (बाहेरच्या हवेपेक्षा जितकी जास्त तापते ती) चतुर्थांशानं वाढते, आणि दर दहा डिग्रीला इन्सुलेशनचं आयुष्य अर्धं होतं.

शिरोलीकर
व्होल्टेज मोजलं: ४१४, ४१८, ४१२. ठीक वाटतंय. फ्यूज बेस बदलला, प्रिव्हेंटर बसवला, रिले २३ वर.

टाँगटेस्टर
उत्तम. असमतोल एका टक्क्याच्या आत आहे. रिलेशेजारी पॅनलवर "२३ - वाढवू नये" असं रंगवून ठेवा. मोटर पडली की पहिला माणूस स्क्रू ड्रायव्हर घेऊन रिलेच वाढवतो.

वाइंडर_बापू
शिरोलीकर, मोटर बघितली. वाईट बातमी. जाळायच्या आधीच कोअर टेस्ट लावली. जळालेल्या कॉइलीजवळ दोन दातांची जागा बाकीच्या कोअरपेक्षा वीस डिग्रीनं जास्त तापतेय. पत्ती आपसांत चिकटलीय, आधीच्या कुणीतरी गॅस बर्नर लावलेला दिसतो, दातांची टोकं निळी पडलीत. शिवाय मूळ डेटा नाही, आणि आत्ताचे टर्न माझ्या वहीतल्या या फ्रेमच्या टर्नांपेक्षा कमी निघाले. ही मोटर गेली काही वर्षं जास्तच करंट खात होती.

पत्त्या घासून, मोकळ्या करून कधी कधी सुधारतं, मी मोठ्या मोटरींना करतो. पण तीस एचपीला तेवढी मजुरी घालायची तर सेकंडहँड चांगली मोटर त्या पैशात येते. वाइंडिंग करू नका. टेस्टचे पैसे घेणार न्हाई, फक्त रिक्षाभाडं द्या.

निशिगंधा
टर्न कमी निघाले म्हणजे जुनीची एफिशियन्सी ८८ च्याही खाली असू शकते. वसुली सव्वा वर्षाच्या आत येईल असं दिसतंय. आणि बापू, टेस्टचे पैसे घ्या. नाहीतर उद्या सगळे फुकट मागतील.

शिरोलीकर
बापूंना पैसे दिले, घेत नव्हते. वडील स्वतः दुकानात जाऊन तो निळा भाग बघून आले आणि मग काही बोलले नाहीत. जुनी भंगारात गेली, २१,५०० आले. सँड मिक्सरला स्पेअर म्हणून बापूंनीच त्यांच्याकडे पडलेली, कोअर टेस्ट केलेली एक सेकंडहँड २० एचपी दाखवलीय, मिक्सरला तेवढी पुरते.

नवीन फॅनवर बसली. पुली कमी करून घेतली. नव्या बॅगांवर ३३ अँपिअर, बेअरिंग थंड. एकच प्रश्न, नवीन मोटरवर ग्रीस निपल दिसत नाही. ग्रीस कुठून भरायचं?

टाँगटेस्टर
भरायचं नाही. या आकारात बऱ्याच मोटरींना दोन्ही बाजूंनी बंद, आयुष्यभराचं ग्रीस भरलेली बेअरिंगं असतात. कव्हरवर झेड झेड किंवा २ आरएस लिहिलेलं असेल. आवाज वाढला की बेअरिंगच बदला. फक्त बेल्ट प्रमाणाबाहेर ताणू नका, पुलीकडचं बेअरिंग त्यानंच आधी जातं. आणि कुलिंग फॅनच्या जाळीवर फेटलिंगची धूळ बसते, ती दर शनिवारी झाडून घ्या. हवेनं फुंकून धूळ आत ढकलू नका.

मागकरी
बापू, उद्यमनगरात नेमकं कुठं आहे दुकान? पंधरा एचपीची एक सायझिंगची मोटर आणायची आहे. घाई नाही. 😊

वाइंडर_बापू
व्यनि करतो. येताना मूळ नेमप्लेट आणि आधीच्या वाइंडिंगचं बिल असलं तर घेऊन या.